अनुभव धागा: कवायत, भरती, तालीम, कुत्री, खोंडं... घडवायची रीत लिहा

अजिंक्यपायथा:
पहाटे यवतेश्वर घाटात भरतीची पोरं पळताना दिसली, मागे मोटारसायकलवर शिट्टी फुंकणारा मास्तर. जुनं ग्राउंड डोळ्यांपुढे आलं म्हणून धागा काढतोय. अट एकच, "आमच्या वेळी" नको. किती, कसं, कुठं बिघडतं ते लिहा. माणूस, जनावर काहीही चालेल.

सुरुवात मीच करतो. पोलीस शिपाई भरतीचं मैदान ५० गुणांचं. पोरांना १६०० मीटर २०, १०० मीटर १५, गोळा १५. १६०० ला पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत संपवायचं. ४०० च्या ट्रॅकवर चार फेऱ्या, म्हणजे फेरीला साधारण ७७ सेकंद. पोरं पहिली फेरी ६८ मध्ये काढतात, टाळ्या घेतात आणि तिसरीत पाय ओढायला लागतात. निकाल तिसरीतच लागतो. म्हणून आठवड्यात जोराचे दिवस दोनच ठेवा. एक दिवस ४०० च्या सहा फेऱ्या, प्रत्येकी ७६-७८ सेकंद, मध्ये दोन मिनिटं सावकाश चालणं. दुसऱ्या जोराच्या दिवशी १००० मीटर तीन वेळा. बाकी दिवस गप्पा मारता येतील इतक्या वेगाने ५-६ किलोमीटर. एक दिवस पूर्ण सुट्टी. रोज १६०० ची वेळ घेणारा मास्तर पोरांची फक्त परीक्षा घेतो, तयारी करून घेत नाही.

घाट चढायला झकास, पण उतरताना पळू नका. नडगी धरते.

शिट्टीमास्तर:
नडगीचं बरोबर. तपासायची रीत: नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवायचं. वीतभर लांबीत दुखत असेल तर पळणं निम्म्यावर आणा, डांबर सोडून मातीवर या, पोटऱ्यांचा व्यायाम द्या. पण एकाच जागी, बोटाएवढ्या ठिकाणी टोचत असेल आणि एका पायावर उडी मारली की कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. तिथं मलम चोळत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

आता गोळा. मुलांचा ७.२६० किलो, ८.५० मीटरला पूर्ण १५. पोरं चेंडूसारखा फेकतात आणि कोपर धरून बसतात. गोळा तळहातावर नको, बोटांच्या मुळाशी. मानेला टेकलेला, कोपर बाहेर आणि वर. जोर पायातून कमरेत, कमरेतून छातीत, हात सगळ्यात शेवटी. कोपर खाली पडलं की गोळा "फेकला" जातो, ढकलला जात नाही. गोळा सोडायचा कोन ३५ ते ४० अंश. नवखा पोरगा हमखास सपाट टाकतो. समोर दोरी बांधा आणि तिच्यावरून टाकायला लावा, आठवड्यात फरक दिसतो. आणि टाकून झाल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून बाहेर पडायचं. पुढून निघाला की फाऊल, मग गोळा कितीही लांब गेलेला असो.

कृष्णाकाठी:
मुलींचं कुणीच लिहीत नाही 🙄 ८०० मीटर, २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत २० गुण. गोळा ४ किलो, ६ मीटरला १५. १०० मीटरला १४ सेकंद. ८०० म्हणजे दोनच फेऱ्या, ८५-८५. पहिलीला ८२ चालेल, ७६ नको. मुलींची गाडी अडते ती बहुधा रक्तात. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर कितीही फेऱ्या मारा, दम टिकत नाही. आधी तपासणी, मग वेळापत्रक. आणि जेवणानंतर लगेच चहा बंद करा, अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

कुकर लावलाय, उरलेलं नंतर.

दुष्काळी_माणदेश:
पोलीस झाले, आर्मीचं पण सांगा की कुणीतरी. बीमचं, म्हंजे आडव्या दांड्याला लटकून वर जायचं त्याचं.

शिट्टीमास्तर:
बीम १० मारले तर ४० गुण, ९ ला ३३, ८ ला २७, ७ ला २१, ६ ला १६. सहाच्या खाली नापास. ९ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स फक्त पास व्हायचं, गुण नाहीत. बीमला झोका घेतला की मोजत नाहीत. ज्याला एकही येत नाही त्याला आधी ३० सेकंद नुसतं लटकू द्या. मग स्टुलावरून हनुवटी बीमच्या वर नेऊन पाच मोजत सावकाश खाली येणं, असे चार-पाच. एकदा तीन येऊ लागले की एका दमात दहाचा हट्ट नको. दिवसभरात दोन-दोनचे सहा-सात डाव.

कदमताल:
परेडबद्दल. सगळ्यांना वाटतं आवाज मोठा पाहिजे. आवाजापेक्षा मधला थांबा महत्त्वाचा. "दाहिने" म्हटल्यावर ठरावीक वेळ जाऊ द्यायची, मग "मुड". तो वेळ दरवेळी सारखा हवा. उस्ताद कधी लांबवतो, कधी घाईत तोडतो, आणि मग स्क्वॉड फाटला म्हणून पोरांना शिक्षा. चूक पोरांची नसते.

सावधानला टाचा जुळलेल्या, पंजे ३० अंशांत उघडे, मुठी बंद, अंगठा शिवणीवर. विश्रामला डावा पाय १२ इंच. दाहिने मुडला उजवी टाच आणि डावा पंजा, त्याच दोघांवर फिरायचं, हात हलता कामा नये. तेज चाल मिनिटाला १२० कदम, कदम ३० इंचांचा. नवीन पोरांत एखादा तरी उजव्या पायाबरोबर उजवा हात काढणारा निघतोच. त्याला ओरडलं की तो आणखी आखडतो. बाजूला घ्या, हात सैल सोडून साधं बाजाराला निघाल्यासारखं चालायला सांगा. हात-पाय आपोआप बरोबर येतात. मग हळूहळू मुठी, मग उंची, मग वेग.

अजून एक. २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला पोरं धाडकन पडतात, लोक म्हणतात ऊन लागलं. बऱ्याचदा कारण वेगळं. गुडघे मागे ताणून घट्ट धरले की पोटऱ्या हलत नाहीत, रक्त पायात साचतं, डोक्याला कमी पडतं. गुडघे किंचित सैल ठेवायचे, बुटाच्या आत बोटं हलवत राहायचं, पोटऱ्या आवळायच्या-सोडायच्या. बाहेरून काही दिसत नाही. उपाशीपोटी उभं करू नये. पडलाच तर आडवा करून पाय वर. उठवून बसवायची घाई नको.

गल्लीतला_गण्या:
आमच्या शाळेत पडणाऱ्याला सरळ लिंबू सरबत मिळायचं, म्हणून दरवर्षी तीन जण नेमाने पडायचे 😂

कदमताल:
@गल्लीतला_गण्या शुद्धीवर यायच्या आत तोंडात सरबत ओतू नका एवढंच. श्वासनलिकेत जातं.

लेकाची_आई:
सैनिक स्कूलचं कोणी सांगेल का? मुलगा पाचवीत आहे. क्लासवाले म्हणतात दोन वर्षं लागतात.

अजिंक्यपायथा:
@लेकाची_आई साताऱ्याचं देशातलं पहिलं सैनिक स्कूल, २३ जून १९६१. सहावीसाठी ३१ मार्चला वय १० ते १२ च्या मधलं हवं. पेपर ३०० गुणांचा, १२५ प्रश्न, १५० मिनिटं. त्यात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी ३ गुणांचे, म्हणजे १५० गुण. बाकी भाषा, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान प्रत्येकी ५०. अर्धा पेपर गणिताचा आहे, तेव्हा क्लासने सामान्यज्ञानाचं जाड पुस्तक दिलं असेल तर ते बाजूला ठेवा आणि अपूर्णांक, शेकडेवारी, क्षेत्रफळ पक्कं करा. पेपर मराठीतून देता येतो. कान-डोळे-दात आधीच दाखवून घ्या, वैद्यकीय तपासणीत तिथंच अडकतं. मुलींनाही प्रवेश आहे.

तांबडी_माती:
तालमीवर कोणी लिहिणार नसेल तर सांगलीचं नाव काढू नका. कुंडलचं कुस्त्यांचं मैदान बघायला येता ना दरवर्षी?

हौदा (कुस्तीचा मातीचा आखाडा) आधी, पैलवान नंतर. तांबडी माती चाळून घ्यायची, खडा राहता कामा नये. त्यात काव, तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर. मग खोऱ्याने वर-खाली. खोरं मारणं हाच नव्या पोराचा पहिला व्यायाम, कंबर-खांदा तिथंच तयार होतो. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं की फुटावा. कोरडी राहिली तर धूळ डोळ्यात आणि कोपरं सोलतात. जास्त भिजली तर पकड सुटते, पाय घसरतो, गुडघा जातो. जखम उघडी असलेल्याने, अंगावर गजकर्ण असलेल्याने मातीत उतरायचं नाही. वस्ताद तिथं कडक नसेल तर महिन्यात अख्खी तालीम खाजवत बसते. लंगोट रोज धुवायचा, उन्हात वाळवायचा, दुसऱ्याचा घालायचा नाही.

जोर-बैठका आकड्याच्या नादानं मारू नका. बैठकीत टाच उचलली, गुडघा आत गेला की थांबा. ५० नीट मारा, मग ६०.

आणि मॅट वेगळी. मातीत चितपट होईपर्यंत झुंजायचं, मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद. पट काढून (पाय धरून ओढून) खाली घेतला की २ गुण, रिंगणाबाहेर ढकलला की १, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. मातीतला पोरगा समोरच्याला दमवायची वाट बघतो, तोवर मॅटवर गुण गेलेले असतात. उभं राहायचं खाली वाकून, डोकं वर. आठवड्यात दोन दिवस तरी घड्याळ लावून तीन मिनिटांच्या लढती घ्या. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्य आणलं ते मॅटवर, हे पोरांना सांगत जा.

गल्लीतला_गण्या:
वस्ताद, थंडाईचं माप सोडलंत 😋

तांबडी_माती:
बदाम रात्री भिजवून साल काढायची, खसखस, बडीशेप, काळी मिरी दोन-चार दाणे, खलबत्त्यात नाहीतर पाट्यावर बारीक, दुधात. बदाम १०-१५ पुरे. व्यायाम नाही आणि थंडाई रोज, त्याचं पोट बघायला आपल्या गल्लीत या.

नाकाचा_खेळ:
श्वान राहिलं. पोलिसांचं कुत्रं "हुशार जातीचं" असतं म्हणून चालतं असं नाही. माग काढायला शिकवताना पहिले दिवस पहाटे, दव असलेल्या गवतावर, २०-२५ पावलांची सरळ रेघ. प्रत्येक पावलाच्या ठशात खाऊचा बारीक तुकडा. मग एका पावलाआड, मग पाचाआड, मग फक्त शेवटी. त्यानंतर वळण. त्यानंतर माग शिळा करायचा, आधी १० मिनिटं, मग अर्धा तास. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. लांबी, वळण आणि शिळेपणा तिन्ही एकदम वाढवलं की कुत्रं नाक वर काढून डोळ्यांनी शोधायला लागतं.

पट्टा गळ्यात नाही, छातीचा साज, दोर ८-१० मीटर. माणूस मागे. वळणावर कुत्रं वास संपल्यामुळे थोडं पुढं जातं, गोल फिरतं, परत येतं. तेव्हा दोर ओढू नका. ओढलं की ते तुमच्याकडे बघून चालायला शिकतं.

स्फोटकाच्या कुत्र्याला वास लागला की गप्प बसायचं शिकवतात. भुंकणं नाही, उकरणं नाही, कारण उघड आहे. बक्षीस (बहुतेक वेळा चेंडू) बसल्याबसल्या सेकंदभरात. उशीर झाला तर त्याला कळत नाही कशाचं मिळालं. आणि सरावात वासाचा डबा कुठं लपवलाय हे हँडलरला (कुत्रं सांभाळणाऱ्याला) माहीत नसावं. माहीत असेल तर त्याची चाल मंदावते, मान वळते, कुत्रं तेच वाचतं.

उन्हाळ्यात ११ नंतर बंद. धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवा, पाच सेकंद सोसवत नसेल तर त्याच्या पायालाही सोसणार नाही. जेवण कामानंतर तासाभराने. भरल्या पोटी पळवलं तर मोठ्या छातीच्या कुत्र्याचं जठर पिळवटतं, त्यात जीव जातो.

दुष्काळी_माणदेश:
आमच्याकडं कारवानी कुत्री हायत. त्यास्नी हे जमंल का? एक पिल्लू द्यायचं पण हाय.

नाकाचा_खेळ:
@दुष्काळी_माणदेश कारवानी डोळ्यांवर पळणारं कुत्रं. माग काढायला लावू नका, पाहऱ्याला उत्तम. एकदा काही पळताना दिसलं की हाक ऐकत नाही, म्हणून "ये" शिकवताना लांब दोर बांधलेलाच ठेवा आणि आल्यावर कधीही रागवू नका. सशावर सोडू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. पिल्लाचं व्यनि करा.

दुष्काळी_माणदेश:
बरं. मग खोंडाचं म्या सांगतो. खिलार खोंड, खरसुंडीच्या जत्रंतनं आणलेलं समजा. वेसण दीड वर्साच्या आसपास. नाकातला पडदा बोटानं चाचपायचा, पुढं पातळ जागा लागती, तितंच दाभण. जाड कुर्च्यात घातलं तर रगत लई आणि जलमभर नाक हुळहुळं. दोरी सुताची, नायलॉन कापतं. जखम पंधरा दिस सुकू द्यायची, हळद-तेल लावायचं, माशी बसू द्यायची न्हाय, किडं पडत्यात. सुकायच्या आत कासरा ओढला की खोंड माणसाला भ्यायला लागतं, मग मारकं.

पयल्यांदा जू मोकळंच, म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला. दोन-चार दिस नुसतं फिरवायचं. मग ओंडका, मग मोकळी गाडी. शिवळा-जोतं (जुवाच्या खुट्ट्या आणि गळ्याचा पट्टा) सैल न्हाय आणि घट्ट बी न्हाय, चार बोटं आत गेली पायजेत. खांद्याचं कातडं हाताला गरम वाटलं की तिथंच सोडायचा. खांदेसूज आली की म्हैनाभर काम बंद, आणि त्यावरच जू ठेवलं तर गाठ कायमची. बेंदराच्या आदल्या दिशी खांदे मळत्यात ते उगं न्हाय.

द्राक्षबागायतदार_तासगाव:
धागा कुठं निघालाय कुठं चाललाय 😄 मग वेलींचंही वळण घ्या. रिकट (वेल खालून पुन्हा छाटणं) घेतल्यावर एकच जोमदार फूट बांबूला सरळ बांधायची, दर वीतभरावर सैल गाठ. तारेच्या खाली चार-सहा इंच शेंडा मारून दोन बाजूंना ओलांडे (तारेवरच्या आडव्या फांद्या). ओलांडा एका दमात पळवला की पुढं डोळे फुटतात आणि मधे टक्कल राहतं. म्हणून ९-१० पानं आली की सातव्यावर खुडायचं, पुन्हा वाढू द्यायचं, पुन्हा खुडायचं. काड्यांत अंतर अडीच-तीन इंच.

कृष्णाकाठी:
कुकर झाला 😅 @शिट्टीमास्तर मुलींचा गोळा टाकायला दोरी किती उंच बांधायची ते सांगा, उद्या सकाळी ग्राउंडवर लावते.

शिट्टीमास्तर:
@कृष्णाकाठी त्यांच्यापासून दोन मीटर पुढं, पोरीच्या डोक्यापेक्षा हातभर वर. आधी ३ किलोचा गोळा मिळाला तर त्याने सुरू करा, रीत बसली की ४ चा. दिवसाला २०-२५ टाकण्या पुरे, मनगट दुखलं तर त्या दिवशी बंद. आणि कुणीही गोळा उचलायला पुढं गेलं असेल तोवर दुसरीने हातात घ्यायचा नाही, शिट्टी त्यासाठी वापरा.