मणक्याचा एमआरआय: जंतुसंसर्ग की झीज?

प्रश्न (म्हापसा): वडिलांच्या एमआरआय अहवालात कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांत ‘जंतुसंसर्ग किंवा झीज’ असे लिहिले आहे. चित्रांवरून फरक कसा ओळखतात?

उत्तर (पणजी, रेडिओलॉजिस्ट): संसर्गात बहुधा दोन मणक्यांमधली चकती टी-२ चित्रात (एमआरआयचा हा प्रकार पाणी उजळ दाखवतो) उजळते, लगतच्या मणक्यांच्या कडा कुरतडल्या जातात आणि भोवती गळू दिसू शकते, झिजेत चकती सहसा काळपट राहते, आणि डिफ्यूजन चित्रात (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारा एमआरआय) सुजेच्या सीमेवर पंज्यासारखी स्पष्ट उजळ रेघ दिसली, तर संसर्गाची शक्यता बरीच घटते.

उत्तर (मडगाव): क्षयरोग मात्र फसवा, कारण त्यात चकती बराच काळ शाबूत राहू शकते आणि तो कर्करोगासारखा भासतो.

उत्तर (पणजी, रेडिओलॉजिस्ट): मान्य. म्हणूनच सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी) पाहावे आणि शंका उरल्यास, शक्यतो प्रतिजैविकांपूर्वी, सीटीच्या साहाय्याने सुईने नमुना घ्यावा. वडिलांना ताप आहे का?