मदत हवी आहे: गोव्यात एसटीसीडब्ल्यू बेसिक लवकरात लवकर कुठे होईल? (यॉटवर जायचंय)

दर्यावेडा_पेडणे
नमस्कार. यॉटवर डेकहँड (डेकवरचा खलाशी) म्हणून जायचंय. त्यासाठी एसटीसीडब्ल्यू बेसिक, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांचं बेसिक सेफ्टीचं सर्टिफिकेट लागतं असं कळलं. गोव्यात सगळ्यात लवकर आणि कमी पैशांत कुठे होईल? पुढच्या महिन्यात निघायचंय. बोटीचं काम येतं. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा. "आधी ग्रॅज्युएशन पूर्ण कर" नको, ते घरी रोज ऐकतो.

मिरामार_वॉकर
पणजीला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स आहे की! केंद्र सरकारची संस्था. आमच्या शेजारच्या मुलाने तिथूनच लाइफसेव्हिंग आणि पॉवरबोट केलं. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय.

खलाशी_निवृत्त
वॉकरबाब, संस्था चांगली, पण ती वॉटर स्पोर्ट्सवाल्यांसाठी. एसटीसीडब्ल्यू हे प्रकरण वेगळं. आता कोणीतरी ब्रिटोनाची मेरिटाइम स्कूल सुचवेल, म्हणून आधीच सांगतो, ती नदीतल्या बोटींवरच्या लोकांसाठी. समुद्रावर जायचं तर डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेलीच संस्था हवी. वास्कोला बोगद्याकडे आहे, नाहीतर मुंबईत ढिगाने आहेत. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजी शिपिंगच्या साइटवर आहे, ती बघूनच फी भर.

बेसिकमध्ये चार भाग: पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, आणि जहाजावरची वैयक्तिक सुरक्षा व जबाबदारी. शिवाय सिक्युरिटीचा एसटीएसडीएसडी नावाचा कोर्स वेगळा. आपल्याकडे सगळं मिळून पंधरवड्याच्या आसपास जातो.

आता तू सांग. इंडॉस नंबर काढलास का? वय, शिक्षण? पासपोर्ट आहे? चष्मा? आणि "बोटीचं काम येतं" म्हणजे कसली बोट? ट्रॉलर, कॅसिनोला गिऱ्हाईक नेणारी फीडर की डॉल्फिन दाखवायची?

दर्यावेडा_पेडणे
इंडॉस म्हणजे? आणि बोट कसली त्याने काय फरक पडतो? पॅरासेलिंगच्या बोटीवर असतो. पावसाळ्यात सगळं बंद, म्हणून आत्ताच निघायचं. सरळ फोन करून बॅचला बसता येत नाही का?

खलाशी_निवृत्त
नाही येत. इंडॉस म्हणजे दर्यावर्दींच्या राष्ट्रीय नोंदणीतला तुझा नंबर. पासपोर्ट आणि दहावीची कागदपत्रं लावून ऑनलाइन अर्ज करायचा. तो नंबर नसेल तर संस्था बॅचमध्ये घेत नाही. तुझी सगळी सर्टिफिकेटं त्याच नंबरावर चढतात आणि साइटवर कोणालाही तपासता येतात. म्हणून "दोन दिवसांत सर्टिफिकेट घरपोच" म्हणणारा भेटला तर लांबूनच नमस्कार कर.

आणि बोटीने फरक पडतो, बाबा. पॅरासेलिंगवाल्याला दोर, लाट, गिऱ्हाईक तिन्ही सांभाळायची सवय असते. ते बायोडेटात लिहायचं असतं.

क्रूझवाला_मडगाव
यॉट-बिट सोड रे. क्रूझलायनर बघ. आमच्या सासष्टीत घरटी एक माणूस क्रूझवर आहे. बेसिक, वर पॅसेंजर शिपचे कोर्स कर आणि मेसमन (जेवणघरातला मदतनीस) म्हणून लाग. कॉन्ट्रॅक्ट संपलं की घरी, पुन्हा कॉन्ट्रॅक्ट. यॉटवर दहा-बारा माणसं आणि मालकाचा मूड. क्रूझवर निदान जेवायला गोंयकार सापडतो.

डेकवरची_केपेकरीण
मडगावबाब, त्याने डेकहँडचं विचारलंय, मेसमनचं नाही.

मी यॉटवर स्ट्युअर्डेस आहे, म्हणून लिहिते. बेसिक हा फक्त पहिला कागद. दुसरा ईएनजी वन, म्हणजे एमसीएने (ब्रिटिश सरकारच्या सागरी सुरक्षा खात्याने) नेमलेल्या डॉक्टरकडचं मेडिकल. जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. डॉक्टरांची यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर आहे. डेकला जाणाऱ्यांची रंग ओळखायची तपासणी होते, ठिपक्यांतला आकडा वाचायची. आधी मेडिकल कर, मग कोर्सचे पैसे भर. लाल-हिरवा ओळखता येत नाही हे फी भरून झाल्यावर कळलेले लोक मी पाहिलेत. डेकहँडकडे पॉवरबोट लेव्हल टूचं सर्टिफिकेट असेल तर भाव वाढतो. आतल्या कामाला येणाऱ्या मुलींनी फूड हायजीन करून ठेवा.

आणि माझं प्रामाणिक मत: परवडत असेल तर बेसिक परदेशातून एमसीए मान्यतेचं करावं. तिथे आठवड्याच्या आत उरकतं आणि कॅप्टन प्रश्न विचारत नाहीत.

खलाशी_निवृत्त
ताई, इथे मात्र मी अडवणार. एसटीसीडब्ल्यू हा खलाशांच्या प्रशिक्षणाचा 1978 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, 2010 ला मनिलामध्ये सुधारला. तो नीट पाळणाऱ्या देशांच्या यादीत, आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) व्हाइट लिस्टवर, भारत आहे. वास्कोत शिकलेला माणूस पाण्यात वेगळा बुडतो का?

डेकवरची_केपेकरीण
काका, कायद्याने तुमचं बरोबर. पण नोकरी देताना कॅप्टन आणि मॅनेजमेंट कंपनी त्यांच्या ओळखीचा कागद शोधतात. बोटीवर झेंडा केमनचा की माल्टाचा (म्हणजे तिची नोंदणी कुठली), पुढे ऑफिसरची परीक्षा द्यायचीय की नाही, यावरही असतं. त्याने ज्या बोटीवर जायचंय तिथे ईमेलवर विचारावं, "भारतीय डीजी शिपिंगचं बेसिक चालेल का?" लेखी उत्तर आलं की आपला वाद मिटला.

खलाशी_निवृत्त
हे मान्य. लेखी घ्यावं.

सुशेगाद_बाब
मला पोहता येत नाही, तरी जमेल का? (धागाकर्त्याचा नाही, माझा प्रश्न.)

डेकवरची_केपेकरीण
कोर्समध्ये लाइफजॅकेट असतं, त्यामुळे पार पडतं. उंचावरून उडी मारताना एका हाताने नाक-तोंड झाकायचं, दुसऱ्याने जॅकेट खाली दाबून धरायचं, नाहीतर ते वर येऊन हनुवटीला लागतं. अवघड जातं ते उलटा पडलेला लाइफराफ्ट सरळ करणं. त्याच्या बुडाच्या पट्ट्या धरून वर उभं राहायचं, वारा तोंडावर घ्यायचा आणि मागे झोकून द्यायचं. राफ्ट आपल्याच अंगावर येतो आणि क्षणभर डोक्यावर काळं रबर! तेव्हा घाबरायचं नाही, पाठीवर राहून बाहेर सरकायचं. आगीच्या दिवशी धुराच्या खोलीत पाठीवर सिलेंडर, आणि भिंत चाचपायची ती हाताच्या मागच्या बाजूने. पण नोकरी समुद्रावर करायची आणि पोहायला शिकायचं नाही हे मला पटत नाही, बाब.

डिचोलीकर_77
सगळ्यात महत्त्वाचं कोणी विचारलंच नाही. आजोबांचा जन्म 19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या आधी गोव्यातला ना? मग लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढ. युरोपात व्हिसाची कटकट संपली.

क्रूझवाला_मडगाव
आणि भारताचं नागरिकत्व गेलं ते? दोन्ही ठेवता येत नाहीत.

डिचोलीकर_77
ओसीआय मिळतं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड.

क्रूझवाला_मडगाव
ओसीआयवर मतदान करून दाखव. शेतजमीन घेऊन दाखव.

डिचोलीकर_77
तुझ्या गावातले किती जण इंग्लंडात स्विंडनला आहेत ते मोज, मग बोल.

खलाशी_निवृत्त
हे भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. पोर्तुगीज नोंदीला लागतो तेवढा वेळ या पोराकडे नाही. एक मात्र खरं: भारतीय पासपोर्टवर शेंगेनचा (युरोपचा) टुरिस्ट व्हिसा घेऊन फ्रान्समधल्या अँटीब किंवा स्पेनमधल्या पाल्माच्या धक्क्यावर बोट-बोट फिरत काम मागायचं, हे गोऱ्या पोरांचं ऐकून करू नकोस. त्या व्हिसावर कामाला परवानगी नसते. राजू की कोण तू, नक्की जायचंय कुठे?

दर्यावेडा_पेडणे
राजू नाही. दुबईला. म्हापशाला एक एजंट आहे, तो सगळं करून देतो म्हणाला. कोर्स, व्हिसा, नोकरी मिळून तीन लाख. अर्धे आधी. व्हिजिट व्हिसावर जायचं, तिथे बदलून देतात. फक्त बेसिक मी बाहेरून स्वस्तात केलं तर तो पैसे कमी करेल, म्हणून विचारत होतो. पासपोर्ट भारतीय, वय 22, बारावी पास.

खलाशी_निवृत्त
अरे देवा! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस.

जहाजावरच्या नोकरीला माणूस पाठवणाऱ्याकडे डीजी शिपिंगचं आरपीएसएल लायसन्स लागतं. नाव घालून साइटवर तपास. नोकरी लावण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचेच नाहीत, असं मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन सांगतं आणि भारताने ते 2015 मध्ये मान्य केलंय. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) यांचा खर्च आपला. नोकरीची किंमत आपली नाही.

तो म्हणेल, "ही जहाजाची नोकरी नाही, दुबईतल्या कंपनीची आहे." मग परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला एजंट हवा. ई-मायग्रेट पोर्टलवर नाव दिसलं पाहिजे, आणि त्यालाही सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी, यापुढे घेता येत नाही. तीन लाख कुठल्या हिशेबाने?

डेकवरची_केपेकरीण
आणि व्हिजिट व्हिसावर तिथे काम करणं बेकायदा. पकडला गेलास तर एजंट फोन उचलणार नाही. दुबई मरीनातून तासाच्या भाड्याने सुटणाऱ्या बोटी वेगळ्या, मोठी यॉट वेगळी. करारात बोटीचं नाव, झेंडा, पगार, परतीचं तिकीट कोणाचं, हे आहे का? करार दाखवला का त्याने?

दर्यावेडा_पेडणे
करार पैसे भरल्यावर देणार म्हणाला. त्याने गावातल्या दोघांना पाठवलंय पण.

डेकवरची_केपेकरीण
त्या दोघांच्या आईला भेट, एजंटला नको. पगार घरी येतो का आणि कोणत्या बोटीवरून, ते विचार.

मिरामार_वॉकर
म्हणून म्हणत होतो, वॉटर स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट. सरकारी.

दर्यावेडा_पेडणे
एकाच्या घरी विचारलं. तो बोटीवर नाही, गोदामात आहे. एजंटला आज लायसन्स नंबर विचारला तर म्हणाला, "विश्वास नसेल तर राहू दे." इंडॉसचा अर्ज भरायला घेतलाय. फोटो अपलोड होत नाही, साइज मोठी दाखवतं. काय करू?

खलाशी_निवृत्त
पेडण्यात सायबर कॅफेवाला असेल ना? त्याला सांग साइज कमी करून दे, बॅकग्राउंड पांढरा. सही काळ्या पेनाने कोऱ्या कागदावर. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, वडिलांच्या नावासकट, नाहीतर पुढे सीडीसीला रडशील. नंबर आला की इथे कळव, वास्कोच्या पुढच्या बॅचचं विचारून ठेवतो.

सुशेगाद_बाब
फोंड्यात प्रौढांना पोहायला शिकवतात का कुठे?