मदत हवी आहे: रेंज नसताना कोणता रुग्ण थांबू शकतो, हे कसं ठरवायचं?

आम्ही दुर्गम भागातल्या रुग्णांना दूरच्या डॉक्टरांशी जोडणारं अ‍ॅप बनवतोय. फोन आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातात असतो, रुग्णाकडे स्मार्टफोन असेल असं धरलेलं नाही.

व्हिडिओ कॉल पहिल्याच आठवड्यात बारगळला. मग फक्त आवाजावर आलो. ओपस कोडेक (आवाजाचा डेटा दाबून लहान करणारं तंत्र) सेकंदाला ६ किलोबिट इतक्या कमी वेगापर्यंत खाली उतरतो, त्यामुळे बोलणं होतं; पण रेंजच नसेल तर तेही नाही. आता नोंदी आणि फोटो फोनमध्ये साठतात, रेंज आली की जातात, डॉक्टर नंतर उत्तर देतात. त्वचेच्या तक्रारींना हे छान चालतं. (अंधुक फोटोंची कटकट आहे, ती आमची आम्ही निस्तरू.)

घोडं अडलंय ते ताप, धाप आणि पोटदुखीपाशी. उत्तराला सहा तास लागले तर? धोक्याच्या लक्षणांची यादी टाकली. ती कडक ठेवली की जवळजवळ सगळेच 'तातडीचे' ठरतात आणि कर्मचारी इशाऱ्याकडे बघेनासे होतात. सैल केली की आमची झोप उडते. नुसत्या पल्स ऑक्सिमीटरवर भिस्त ठेवता येत नाही, गडद त्वचेवर तो ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो.

एआयकडून निदान करायचं नाही, हे पक्कं आहे. त्यामुळे कृपया तो पर्याय सुचवू नका.

अशी व्यवस्था प्रत्यक्ष चालवलेल्यांना विचारतोय: तातडीचे नियम ऑफलाइन चालवताना तुम्ही रेषा कुठे आखली? आणि थांबायला नको होता असा रुग्ण थांबला, हे तुम्हाला कळतं कसं?