मदत हवी आहे: गोळाभाताचे गोळे एकतर फुटतात नाहीतर दगड होतात

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा शेतकरी माणूस. इथं नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय अन् तोही स्वयंपाकाचा, त्यामुळं ज्याला हसायचं त्यानं आधी हसून घ्या.

झालं असं की ऐन कापूस वेचणीच्या दिवसात घरच्या मंडळीचा बांधावर पाय घसरला अन् उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, त्यातले दोन झाले. घरात बाबा आहेत (वय ८१, वरचे-खालचे मिळून चार दात, कवळी करून दिली तर ती डबीत ठेवून देतात), दोन पोरं अन् मी. पहिले आठ दिवस शेजारच्या काकूनं डबा दिला, पण त्याही वेचणीला जातात, किती दिवस तोंड घेऊन जायचं. मग मीच घुसलो चुलीपाशी. म्हणजे गॅसच आहे, चूल फक्त पाणी तापवायला.

वरण-भात, खिचडी, आलू-वांगं जमतं. वरणफळं पण जमली, कारण त्यात गोल-चौकोनाची भानगड नाही. भाकरी थापता येत नाही, ती विकत आणतो, त्यावर कोणी बोलू नये.

अडलंय ते गोळाभातावर. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "कई करतं रे गोळाभात?" तिकडच्या लोकांसाठी सांगतो, हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचे तिखट-मिठाचे गोळे भातातच वाफवायचे अन् वाढताना गोळा भातात कुस्करून वरून लसूण-मिरचीच्या फोडणीचं गरम तेल टाकायचं. सोबत कढी नाहीतर चिंचेचं सार. दात नसलेल्या माणसाले याच्याहून चांगलं काय.

पहिल्या वेळी पाकिटातलं बेसन भिजवून गोळे केले अन् भाताला उकळी आली तशी सोडले. पाच मिनिटांत सगळं विरघळलं, पिठल्यात भात शिजवल्यासारखं. दुसऱ्या वेळी म्हटलं घट्ट करू, लाडवासारखे दाबून दाबून वळले. ते फुटले नाहीत, पण फुटतच नाहीत ना! बाबांनी चमच्यानं दाबून पाहिला, एक शब्द बोलले नाहीत, गोळा ताटाच्या कडेला सरकवला अन् ताक-भात खाऊन उठले. आतून पिवळं कच्चं पीठ तसंच. धाकट्यानं तो गोळा अंगणात नेऊन बॉलिंग केली.

मंडळी खाटेवरून सांगतात सगळं, पण त्यांचं माप एकच, "अंदाजानं". मीठ अंदाजानं, तेल अंदाजानं, पाणी "तांदूळ बुडून वर जरासं". आता मले पंधरा लिटरच्या पंपाला कोणतं औषध किती मिली हे झोपेतही सांगता येते, पण अंदाज किती मिलीचा असते ते कोणी सांगत नाही. जास्त विचारलं की "राहू द्या, मीच डाव्या हातानं करतो" म्हणून उठायला लागतात, म्हणून विचारणं बंद केलं.

आणखी एक. वाडीत चार कोहळी पडून आहेत (आमचं कोहळं म्हणजे तुमचा लाल भोपळा). पोरांना बोंड (कोहळ्याचे गोड भजे) पाहिजेत, नाहीतर पाकिटातल्या नूडल्सचा हट्ट चालू होतो. मी केले तर इतकं तेल प्यायले की कागद ओला, ताट ओलं, पोरांचे शर्ट ओले. बाहेरून काळपट, आतून लगदा.

तर कोणी वाटी-चमच्याच्या मापात सांगाल का? फोटो टाकत नाही, दाखवण्यासारखं काही नाही.

---

प्रतिसाद: भाऊ, चूक बेसनात आहे. गोळ्याला पाकिटातलं बारीक बेसन चालत नाही, ते चिकट होऊन घट्ट बसतं अन् वाफ आत शिरत नाही. गिरणीतून हरभऱ्याची डाळ जाडसर दळून आणा, रव्यासारखी. एक वाटी भरडा, दोन मोठे चमचे तेल कडकडीत गरम करून मोहन, तिखट, हळद, मीठ, जिरं, थोडा ओवा, मूठभर सांबार (म्हणजे कोथिंबीर). पाणी हातानं शिंपडत शिंपडत, फक्त मुठीत धरला तर गोळा राहील इतकं. दाबायचं नाही! हलक्या हातानं वळा, लिंबाएवढे. अन् भाताला उकळी आल्याबरोबर टाकू नका, भात अर्धा शिजून वरचं पाणी दिसेनासं व्हायला लागलं की वर अलगद ठेवा, झाकण, बारीक गॅस, पंधरा मिनिटं. चमचा घालून ढवळलं तर मी जबाबदार नाही. - वर्ध्याची ताई

प्रतिसाद: ताईंचं बरोबर, पण बाबांना दात नाहीत म्हणता तर भरड्यापेक्षा डाळच चार तास भिजवून जाडसर वाटा. गोळे जास्त मऊ होतात. मिक्सरमध्ये वाटताना पाणी घालू नका म्हणजे झालं.

प्रतिसाद: तांदूळ कोणता घेता ते लिहिलं नाही. आता नवा धान निघाला, नव्या तांदळाला पाणी कमी लागते अन् भात चिकट होते, तुमचा पहिला गोळाभात त्यानंही बिघडला असल. आम्ही नागभीडकडचे, आमच्याकडं एचएमटी. (हा आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी शेतात वेगळ्या लोंब्या निवडून निवडून तयार केलेला वाण, नाव घड्याळावरून पडलं, हे भात खाताना किती लोकांना माहीत असते.) जुना मिळाला तर जुनाच घ्या, एक वाटीला अडीच वाटी पाणी, नव्याला दोनच्या आसपास.

प्रतिसाद: बोंडात चिमूटभर सोडा टाका, हलके होतात. - पुणे

प्रतिसाद: पुणेकर ताई, सोड्यानंच तर तेल पितात! दादा, सोडा नको. दोन वाट्या कीस झाकण ठेवून मऊ शिजवा, गरम आहे तोवर पाऊण वाटी चिरलेला गूळ त्यात विरघळवा. आता इथं थांबा. गुळाला पाणी सुटतं, म्हणून गार होऊ द्या अन् मगच कणीक घाला, साधारण दोन वाट्या अन् वर दोन चमचे रवा, चिमूट मीठ. पीठ बोटानं तेलात सोडता येईल पण वाहणार नाही असं. एक बोंड आधी टाकून पाहा, लगेच काळं पडलं तर गॅस कमी, तळाला बसून राहिलं तर तेल तापलं नाही.

---

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काल गिरणीवर गेलो, गिरणीवाला म्हणे लग्न आहे काय घरी. भरड्याचे गोळे केले, वर्ध्याच्या ताईंच्या मापानं. सातातले पाच आख्खे राहिले, दोन फुटले कारण मी झाकण उघडून पाहिलं, राहवलं नाही. फोडणीत लसूण जरा करपला. बाबांनी दोन गोळे कुस्करून खाल्ले अन् तिसरा मागितला, मग म्हणाले, "मीठ कमी हाय." मंडळी खाटेवरून हसत होत्या.

बोंड उद्या. पण एक विचारायचं राहिलं, कोहळं किसायला इतकं कठीण असते का? किसणीनं अंगठा सोलला. साल काढून मोठ्या फोडी उकडून मग कुस्करलं तर चालते का, की त्यानं जास्त पाणी सुटते? लवकर सांगा, पोरं शाळेतून साडेपाचला येतात.