धुऱ्यावरच्या दगडाखालची पट्टेरी पाल कोणती? तिचं नाव कोण ठेवतं?

बरडरान
बीडकडच्या बालाघाटात, धुऱ्यावर रचलेल्या दगडांखाली लहान पाल सापडते. तोंडापासून शेपटीच्या बुडापर्यंत ४ सेंमी. तपकिरी अंगावर गडद आडवे पट्टे, त्यांच्या कडांना पांढरे ठिपके, शेपटी काळ्या-पांढऱ्या कड्यांची. शिवारात विषारी समजून ठेचतात. घरातल्या पालीचं पिल्लू आहे की नवीच जात? नवी असेल तर नाव कोण ठेवतं?

दगडफूल
ठेचणं आधी थांबवायला सांगा. जगातली एकही पाल विषारी नाही.

आता डोळा बघा. पापणी मिटत असेल तर युब्लेफॅरिस फस्कस, पापणीवाल्या पालींतली एक जात. युब्लेफॅरिसचा अर्थच 'खरी पापणी'. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, नुसत्या नख्या. म्हणून ती गुळगुळीत भिंत चढत नाही. पापणी नसेल तर पारदर्शक डबीत घेऊन खालून बोटं बघा. बोटाखालच्या पट्ट्या मधोमध दुभंगलेल्या असल्या तर हेमिडॅक्टायलस, म्हणजे घरातली पाल ज्यात येते तोच गट.

बरडरान
पापणी नाही, पट्ट्या दुभंगलेल्या. पाठीवर ओळीने खरखरीत दाणे आहेत.

दगडफूल
मग बहुतेक हेमिडॅक्टायलस ट्रायएड्रस, वारुळाच्या आसपास राहणारी. ट्रायएड्रस म्हणजे तीन बाजूंचा. भिंगातून बघा, पाठीचा एकेक दाणा तीन पैलूंचा दिसेल. पिल्लाचे पट्टे ठळक असतात, वाढत्या वयात फिकटतात. त्यामुळेच लहान-मोठी दोन जातींची वाटतात. घरातल्या फ्लॅविव्हिरिडिसची पाठ जवळजवळ गुळगुळीत असते, तिचं पिल्लू हे नव्हे.

पक्कं करायला तीन फोटो हवेत: वरून, डोक्याची बाजू, पोट. शेजारी मोजपट्टी ठेवा. शेपटी धरू नका. तुटून नवी आली की तिच्यावरचे खवले मूळ मांडणीचे नसतात आणि ओळख तिथेच चुकते. मोजमाप शेपटी सोडून घेतात ते याचसाठी. मोठा नर मिळाला तर मांड्यांखालच्या खवल्यांतली बारीक छिद्रं मोजा. ओळ मध्ये तुटते का, तेही नोंदवा. काम झालं की दगड होता तसाच ठेवा.

नामपट्टी
नावाबद्दल. जो वर्णन छापतो तो नाव देतो. आधी एक नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो, तोच त्या नावाचा कायमचा आधार. नुसत्या रंगावर नवी जात ठरवणं धोक्याचं. खवले, छिद्रं, बोटाखालच्या पट्ट्या आणि आता डीएनए, सगळं जुळवून बघतात. ठिकाणावरून नाव असेल तर शेवटी 'एन्सिस': साताऱ्याची सातारेन्सिस (२००८). पुरुषावरून 'आय': कास पठारावरची निमास्पिस गिरी (२०१४), संशोधक वरद गिरी यांच्या नावाची. बाईच्या नावावरून 'ए'. लॅटिनच हवं असंही नाही; सातपुड्यातल्या एका जातीचं नाव २०१७ मध्ये सरळ 'चिपकली' ठेवलं.

जुन्या पुस्तकात हेमिडॅक्टायलस 'ब्रूकी' दिसलं तर जपून. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी १८४५ मध्ये दिलेलं हे नाव बोर्निओ बेटावरच्या सारवाकचा राजा जेम्स ब्रूक याचं. आपल्याकडच्या बऱ्याच खरखरीत पाली वर्षानुवर्षं त्यातच कोंबल्या गेल्या. आता त्या मरेयी, ग्लेडोवी अशा वेगवेगळ्या केल्यात.