विषय: नागपूर सहलीच्या चर्चेचा सारांश यंत्राकडून घ्यावा का?

प्रेषक: सहल समिती

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नागपूर सहलीविषयी ईमेलवर इतकी पत्रे आली आहेत की नोकरी आणि मुलांच्या शाळा सांभाळून ती सगळी वाचणे समितीत कोणालाच जमलेले नाही. चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून सारांश करून घ्यावा आणि त्यावरूनच तारखा ठरवाव्यात, असे काहींचे म्हणणे आहे. नमुना सोबत जोडला आहे. आपले मत कळवावे.

प्रेषक: सभासद, नागपूर

ताई,
सप्रेम नमस्कार.

सारांश जरूर घ्यावा. तारखा मात्र त्यावरून ठरवू नयेत. नमुना मी मूळ पत्रांशी ताडून पाहिला. 'मे महिन्याला एका सभासदाचा पाठिंबा' असे त्यात म्हटले आहे. मूळ पत्रात मात्र "४५ अंशांत सीताबर्डी फिरायची असेल, तर मेसारखा महिना नाही" असे आहे! आमच्याकडचा हा तिरकसपणा यंत्राने सरळ अर्थाने घेतला.

याहून गंभीर चूक डिसेंबरची आहे. आंबिया बहाराची संत्री तेव्हा मिळतात, हे एकाच सभासदाचे म्हणणे प्रत्येक उत्तराखाली जुने पत्र चिकटत गेल्याने पुन्हा पुन्हा आले आणि सारांशात ते 'बहुमत' ठरले. उलट, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरातच नागपुरात भरते आणि तेव्हा हॉटेलात खोली मिळणे कठीण होते, हा मुद्दा एकाच पत्रात, तोही मध्येच कुठेतरी असल्याने, पार गळून गेला. लांबलचक मजकुराच्या मध्यभागाकडे या साधनांचे अनेकदा दुर्लक्ष होते.

संगणकाकडून सारांश करून घेण्याच्या, आयबीएमचे संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, वारंवार येणाऱ्या शब्दांवरून महत्त्वाची वाक्ये निवडली जात. ती वाक्ये निदान मूळ लेखकाचीच असत. आजची साधने वाक्ये नव्याने रचतात, त्यामुळे चुकीचे विधानही तितकेच सफाईदार वाचले जाते.

म्हणून खाली चिकटलेला जुना मजकूर, फोन क्रमांक आणि घरच्या आजारपणाचे उल्लेख आधी काढून टाकावेत, पत्रे थोडीथोडी द्यावीत आणि प्रत्येक मुद्द्यापुढे पत्राचा दिनांक मागावा. आक्षेप, मग तो एकाचाच का असेना, वेगळे मागावेत. तारखा आणि खर्चाची पत्रे मात्र समितीने मूळच वाचावीत; दिनांक हाताशी असले की ती शोधायला वेळ लागणार नाही.

आपला,
काका