'मार्कर'ला मराठीत काय म्हणावं?

वाटसरू: सासऱ्यांच्या यकृताच्या बायॉप्सीचा रिपोर्ट सासूबाईंना मराठीत लिहून दिला. 'हेपपार-१, आर्जिनेज-१ पॉझिटिव्ह, सीके-१९ निगेटिव्ह.' पॉझिटिव्हचं मी 'सकारात्मक' केलं, तर त्यांनी देवापुढे साखर ठेवली! कर्करोग यकृताच्या पेशींचाच आहे, पित्तनलिकेचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. हेपपार, सीके वगैरे 'टिश्यू मार्कर', म्हणजे गाठ कुठल्या पेशींची हे सांगणारी प्रथिनं; त्याला 'ऊतीचिन्हक' लिहिलं, त्यावर नवरा हसला. दुसरा शब्द आहे का?

सावळागोंधळ: 'खूण' का नको? कपडा कुठल्या घरचा हे परीट खुणेवरून ओळखतो. इथेही गाठ कुठल्या घरची हेच बघायचंय ना?

काचपट्टी: लॅबमध्ये पॉझिटिव्हला आम्ही सरळ 'रंग धरला' म्हणतो. मार्करला त्याची अँटिबॉडी चिकटली की तिथे तपकिरी रंग येतो. पण परटासारखी एका खुणेवर भिस्त नसते हं. हेपपार कधी कधी जठराच्या कर्करोगातही रंगतो, आणि यकृतपेशी फारच बिघडलेल्या असतील तर त्यांच्यातच रंगत नाही. तिथे आर्जिनेज जास्त भरवशाचं. मोठ्या आतड्यातून पसरून आलं असेल अशी शंका असली तर सीके-२० आणि सीडीएक्स-२ हे आतड्याचे मार्कर लावतात.

दीर्घऊकार: 'रंग धरला' ही बोली झाली, परिभाषा नव्हे. 'दर्शक' म्हणा. आणि ऊती दीर्घच. संस्कृतात ऊति म्हणजे विणणं. 'टिश्यू'चं मूळही विणण्यातच आहे.

सावळागोंधळ: मग 'वीणदर्शक'! स्वेटरचा रिपोर्ट वाटेल.

रंकाळा: मुळात यकृत कशाला? काळीज म्हणा. खाटकाकडे काळीज मागा, काय देतो बघा.

दीर्घऊकार: मग 'काळजाचं पाणी झालं' म्हणजे जलोदर का?

रंकाळा: अमरकोश उघडा. कालखंड आणि यकृत समानार्थी दिलेत. कालखंड म्हणजे काळा तुकडा, म्हणजे काळीजच.

मांडवीकाठ: आमच्या कोंकणीत काळीज म्हणजे हृदयच. गोव्यात असला रिपोर्ट दिलात तर माणूस हृदयाच्या डॉक्टरकडे जाईल.

काचपट्टी: 'यकृत' राहू द्या हो. पेशंट आता 'लिव्हर'च म्हणतात.

वाटसरू: सासूबाईंना 'रंग धरला' सांगून पाहिलं. म्हणाल्या, "म्हणजे चांगलं की वाईट?" पॉझिटिव्हला शब्द सुचवा ना कुणीतरी.

दीर्घऊकार: 'तपकिरी'सुद्धा तपकिरीच्या डबीतून आलाय. 'पिंगट' असताना गरज काय होती?

रंकाळा: पिंगट वेगळा. आमची म्हैस पिंगट होती.